रायटर टाकून देण्याआधी त्या ९ सीडी ट्यूबलाइटसमोर धरा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचे वडील कीर्तनकार होते, त्यांच्या कीर्तनाच्या ४० कॅसेट घरात होत्या, त्या तुम्ही एकेक करून लॅपटॉपवर उतरवून घेतल्या (हे काम किती चिकाटीचं असतं ते मला माहितीय, त्याबद्दल आधी तुमचं कौतुक) आणि आता वर्षश्राद्धाला नातेवाईकांना आणि गावच्या मंदिराला सीडी करून द्यायच्यात. मेनरोडवरून यूएसबीचा स्लिम रायटर (सीडी लिहायचा पातळ ड्राइव्ह) आणि २५ कोऱ्या सीडींचं पॅकेट आणलं, रायटर हबला (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) लावला, त्याच हबला माऊस आणि पेन ड्राइव्हपण होते, आणि २५ पैकी ९ सीडी वाया गेल्या. ३ मधेच एरर देऊन थांबल्या, ४ लॅपटॉपवर चालतात पण सिन्नरच्या काकांच्या जुन्या डेकवर "नो डिस्क" येतं, आणि २ चालतात पण शेवटी शेवटी उड्या मारतात. आता हा रायटर टाकून दुसरा कोणता घेऊ, असं विचारलंय.

रायटर टाकू नका, निदान लगेच तरी नाही. मी १९९९ पासून नाशकात अशोक स्तंभाजवळ कॅसेटवरून सीडी करून द्यायचं काम करतोय आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, खराब गेलेली सीडी काय बिघडलं ते सांगत असते आणि आपण ती न बघता कचऱ्यात टाकतो. तुमच्या ९ सीडींमध्ये एक नाही, तीन वेगवेगळे दोष आहेत, आणि नवा रायटर आणला असता तरी त्यातल्या निम्म्याहून जास्त सीडी तशाच गेल्या असत्या.

आधी त्या ३ मधेच थांबलेल्या. हा बहुतेक करंटचा प्रश्न आहे. स्लिम रायटरला स्वतःचा अडॅप्टर नसतो, तो सगळी वीज यूएसबीतून घेतो, आणि यूएसबी २.० च्या पोर्टाकडून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर एवढीच हमी असते. नुसतं वाचायला तेवढं पुरतं म्हणून आपल्याला वाटतं ड्राइव्ह चांगला आहे, पण मोटर वेग पकडते आणि लेसर लिहायच्या पॉवरला जातो तेव्हा मागणी एकदम वर जाते, आणि तेवढ्यात त्याच हबवरचा पेन ड्राइव्हही चालू झाला की व्होल्टेज पडतं आणि ड्राइव्ह क्षणभर गायब होतो. स्क्रीनवर कधी "डिव्हाइस नॉट रेडी" येतं, कधी "राइट एरर", कधी नुसतीच लाइट लुकलुकत राहते. उपाय साधा आहे, हब काढा, रायटर थेट लॅपटॉपच्या पोर्टाला लावा, शक्यतो यूएसबी ३ च्या (बहुतेक लॅपटॉपमध्ये तो आतून निळा असतो, त्याची हमी ९०० मिलिअँपिअरची असते), रायटरबरोबर आलेली आखूड केबलच वापरा, लांब एक्स्टेंशन नको. दोन तोंडांची वाय केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा, दुसरं तोंड फक्त करंटसाठी असतं. आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवा, बॅटरीवर असताना पॉवर सेव्हिंगमध्ये पोर्ट झोपतात.

इथे कोणी म्हणेल की बफर अंडररन झाला असेल. जुन्या काळी होत होता, डेटा वेळेवर पोचला नाही की लेसर रिकामा पडायचा आणि सीडी तिथेच मेली, रायटर चालू असताना माऊससुद्धा हलवायचा नाही असा आमचा नियम होता. पण २००० साली सान्योने बर्न-प्रूफ आणलं, ड्राइव्ह थांबतो, जागा लक्षात ठेवतो आणि तिथूनच पुढे लिहितो, आणि नंतर तसलं काही ना काही संरक्षण जवळजवळ सगळ्याच रायटरमध्ये आलं. त्यामुळे आजच्या रायटरवर सीडी मधेच मेली तर आधी करंट आणि केबल बघा. तरीपण फाइल पेन ड्राइव्हवरून किंवा मोबाइलवरून थेट बर्न करू नका, आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा, कारण थांबत थांबत लिहिलेली सीडी पुरी झाली तरी त्या प्रत्येक थांब्याला एक जोड असतो आणि जितके जोड कमी तितकं बरं.

डेकवर न चालणाऱ्या ४ सीडी खरं तर खराब गेलेल्याच नाहीत. विंडोजमध्ये कोरी सीडी टाकली की तो विचारतो ही डिस्क कशी वापरणार, पेन ड्राइव्हसारखी की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी. पेन ड्राइव्हवाला पर्याय आधीच निवडलेला असतो, आपण घाईत नेक्स्ट दाबतो, आणि मग ती सीडी कॉम्प्युटरला कळते पण काकांच्या डेकला त्यात काही दिसत नाही. डेकला लागते ऑडिओ सीडी, म्हणजे फाइल नुसत्या कॉपी करायच्या नाहीत, बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये "ऑडिओ सीडी" असा प्रोजेक्ट उघडून त्यात टाकायच्या. एमपी३ फाइल डेटा म्हणून लिहिल्यात का तेही बघा, कारण काकांचा डेक जुना असेल तर त्याला एमपी३ कळतच नाही, ते नंतरच्या डेकना आणि गाडीतल्या प्लेयरना कळायला लागलं. आणि पॅकेटवर आरडब्ल्यू लिहिलंय का तेही बघून घ्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी ती आरडब्ल्यू सीडी उजेड फार कमी परत फेकते, जुन्या डेकची लेन्स ती ओळखत नाही. काकांना साधी, एकदाच लिहिता येणारी सीडी-आरच द्यायची, आणि ती क्लोज केलेली, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये "फायनलाइज" किंवा "क्लोज डिस्क"ला खूण हवीच. उघडी ठेवलेली सीडी लॅपटॉप वाचतो, डेक वाचत नाही.

आता शेवटी उड्या मारणाऱ्या २, आणि याच्यावर मी जास्त बोलणार आहे कारण खरी शिकवण मला इथेच मिळाली.

२००३ च्या सिंहस्थात तपोवनातल्या एका मंडळाने प्रवचनांच्या ३०० सीडी माझ्याकडे दिल्या होत्या, वेळ आठ दिवसांचा. त्याच वर्षी मी ५२एक्सचा, म्हणजे साध्या वाजवण्याच्या ५२ पट वेगाने लिहिणारा, नवा रायटर घेतला होता आणि स्वस्त म्हणून बिनब्रँडच्या सुट्या स्पिंडल (दांड्यावर रचलेल्या कोऱ्या सीडी) आणल्या होत्या, ५२ च्या वेगाने तीन मिनिटांच्या आत सीडी बाहेर. प्रत्येक वेळी स्क्रीनवर "बर्न सक्सेसफुल" आलं, मी पहिला ट्रॅक दहा सेकंद ऐकायचो आणि पाकिटात घालायचो. आठवड्यात चाळीसच्या वर परत आल्या, सगळ्यांची तक्रार एकच, सुरुवात छान आणि शेवटचे दोन ट्रॅक कचकच करतात, अडकतात. मी त्यातली एक घेऊन दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरली आणि तेव्हा दिसलं. लिहिलेला भाग आतून बाहेरपर्यंत एकसारखा गडद असायला हवा, तो बाहेरच्या कडेला अर्धा सेंटीमीटर फिका होत गेला होता आणि त्या फिक्या पट्ट्यात रांगोळीच्या बोटांसारख्या लाटा होत्या. म्हणजे रंगाचा थरच कडेला सारखा बसलेला नव्हता. कोऱ्या सीडी काढून बघितल्या तर त्यांच्यातही कडेला त्याच लाटा. त्या ३०० पुन्हा चांगल्या डिस्कवर, १६ च्या वेगाने करून दिल्या, पदरचे पैसे गेले, पण त्यानंतर कोरी सीडी उजेडात धरल्याशिवाय मी रायटरमध्ये घातलेली नाही.

तुम्हीपण त्या दोन सीडी अशाच धरून बघा. आणि त्याच पॅकेटातल्या उरलेल्या कोऱ्याही.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढे स्वतःच ठरवता येईल. सीडी-आरमध्ये एक सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेसर त्याला जागोजागी तापवतो आणि तिथे परावर्तन बदलतं, प्लेयर त्याच खुणा वाचतो. सगळ्यात छोटी खूण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. लिहिणं आतल्या बाजूने सुरू होऊन बाहेर जातं, आणि ५२एक्स हा आकडा जो डब्यावर असतो तो वेग खरं तर अगदी बाहेरच्या कडेलाच गाठला जातो, तिथे डिस्क मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर फिरत असते. म्हणजे जिथे रंगाचा थर सगळ्यात बेभरवशाचा तिथेच रायटर सगळ्यात घाईत असतो. तुमचा स्लिम २४एक्सचा असेल, त्याच्या फेऱ्या साधारण निम्म्या, पण हिशोब तोच. म्हणून दोन गोष्टी करा, वेग कमी ठेवा आणि सीडी काठोकाठ भरू नका. ८० मिनिटांची सीडी ७० ते ७४ मिनिटांवर थांबवली तर तो धोक्याचा पट्टा वापरातच येत नाही.

वेगाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की जितकं हळू तितकं चांगलं, लोक १एक्स-२एक्स शोधत बसतात. तसं नाहीये. आजच्या कोऱ्या सीडीचा रंग ४८-५२ च्या वेगासाठी बनवलेला असतो, फार हळू लिहिलं तर लेसर एका जागी जास्त वेळ रेंगाळतो आणि खुणा पसरतात, शिवाय बरेच रायटर इतक्या खालच्या वेगाला जातच नाहीत. डेस्कटॉपच्या रायटरवर १६ ते २४ आणि स्लिमवर १० ते १६ च्या आसपास जे मिळेल ते, हा माझा आजवरचा अनुभव आहे. प्रत्येक रायटर आणि प्रत्येक डिस्कचं जमणं वेगळं असतं, त्यामुळे दोन वेगांवर एकेक सीडी करून तपासा आणि जो बरा वाटला तो त्या पॅकेटापुरता पक्का करा. "ऑटो" किंवा "मॅक्स"वर सोडू नका.

आता रायटर कोणता. नुसता सीडी लिहिणारा रायटर आता दुकानात मिळत नाही, डीव्हीडी रायटरच घ्यायचा, तो सीडीही लिहितो. पण एक लक्षात ठेवा, त्याच्या आत दोन लेसर असतात, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल आणि सीडीला ७८० चा, जो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. म्हणून रायटर डीव्हीडी उत्तम लिहितोय आणि सीडी मात्र एकामागून एक खराब करतोय असं होऊ शकतं, सीडीचा लेसर थकलेला असतो. जुना रायटर कोणी देत असेल तर "चालतो हो, परवाच डीव्हीडी केली" यावर विश्वास ठेवू नका, समोर दोन सीडी लिहून घ्या, वाचून बघा, मग पैसे द्या.

घरात डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटमध्ये बसणारा सव्वापाच इंची साटा (आतल्या जोडणीचा प्रकार) रायटर घ्या, डोळे झाकून. त्याला वीज कॅबिनेटमधल्या एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवर सप्लायमधून मिळते, मोटर दणकट असते, ट्रे भक्कम असतो, डिस्क कमी थरथरते. एलजीचा जीएच२४ मालिकेतला रायटर बरीच वर्षं बाजारात आहे, डीव्हीडी २४एक्स आणि सीडी ४८एक्स, मी दोन वापरलेत आणि समाधानी आहे, आसूसचेही चालतात. तुमच्याकडे लॅपटॉपच आहे, तर तुमच्यापुढे दोन रस्ते. एक म्हणजे आहे तोच स्लिम नीट करंट देऊन वापरायचा, ३०-४० सीडींच्या कामाला तो पुरतो. दुसरा म्हणजे असाच सव्वापाच इंची रायटर घेऊन यूएसबीच्या बाहेरच्या डब्यात बसवायचा, ज्याला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. वर्षभर सीडी करत राहणार असाल तर हा दुसरा, नाहीतर खर्चात पडू नका. आणि नाव-गाव नसलेले, चिकटवलेल्या केबलचे पातळ रायटर टाळा, मी असे दोन उघडून बघितलेत, दोन्हीत आत जुन्या लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह निघाला, एकाच्या लेन्सवर तर कुणाच्या तरी घरची धूळ तशीच होती.

लेन्सवरून आठवलं, आपल्या घरांमध्ये कॉम्प्युटरचं टेबल बऱ्याचदा देवघराच्या नाहीतर स्वयंपाकघराच्या भिंतीला असतं. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ लेन्सवर बारीक चिकट थर धरते, वाचायला चालतं, लिहायला पॉवर कमी पडते. ट्रे उघडा ठेवायची सवय असेल तर ती मोडा. ब्रश लावलेल्या क्लीनर सीडी मिळतात त्या मी वापरत नाही, वेगाने फिरताना तो ब्रश लेन्सच्या नाजूक तारांना धक्का देतो.

"पॉवर कॅलिब्रेशन एरर" असा मेसेज आला तर घाबरू नका. लिहायच्या आधी प्रत्येक वेळी रायटर डिस्कच्या आतल्या भागात छोटी चाचणी घेतो, किती पॉवर लागेल ते ठरवतो, ते जमलं नाही तर हा मेसेज. दुसऱ्या कंपनीची कोरी सीडी लावून बघा. तिच्यावर झालं तर दोष पहिल्या डिस्कचा, सगळ्यांवर तेच आलं तर मात्र रायटर थकलाय, तेव्हा बदला.

कोऱ्या सीडींचं सांगतो, पैसे वाचवायचे असतील तर रायटरमध्ये वाचवा, इथे नको. डब्यावरचं नाव आणि आत डिस्क बनवणारा कारखाना हे दोन वेगळे असू शकतात, एकाच ब्रँडच्या दोन डब्यांतला माल वेगळ्या ठिकाणचा निघतो. प्रत्येक कोऱ्या सीडीच्या खाचेतच बनवणाऱ्याची खूण दाबलेली असते, तिला एटिप म्हणतात, इमजीबर्न नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं, डिस्क नुसती आत टाका आणि उजव्या बाजूला बघा. सीडी-आर मुळात जपानच्या तायो युदेनने बनवली, तिचा माल आम्ही जपून जपून वापरायचो, २०१५ मध्ये त्यांनी हा धंदाच सोडला. नॉयडाच्या मोजर बेअरचे डबे एकेकाळी नाशकातल्या प्रत्येक कॉम्प्युटर दुकानात होते, तीपण कंपनी आता नाही. आता मिळणाऱ्यांत मी व्हर्बॅटिमच्या घेतो. रंगाचे प्रकार तीन, एक गडद निळा, एक हिरवट-निळा आणि एक जवळजवळ पारदर्शक फिका, हा फिका उन्हाला सगळ्यात टिकाऊ मानतात पण लेसरच्या पॉवरबद्दल जरा हट्टी असतो. तुम्हाला त्यात शिरायची गरज नाही, फक्त २५ किंवा ५० च्या सीलबंद डब्यातल्या घ्या, पॉलिथिनच्या पिशवीतल्या सुट्या घेऊ नका, आणि आधी पाच करून बघितल्याशिवाय दुसरा डबा आणू नका.

बर्न करताना ऑडिओ सीडीला सगळी सीडी एका दमात लिहिणारा पर्याय, म्हणजे "डिस्क अ‍ॅट वन्स" निवडा. "ट्रॅक अ‍ॅट वन्स" असेल तर दर दोन ट्रॅकच्या मधे दोन सेकंदांची शांतता येते आणि लेसर बंद-चालू होतो, सिनेमाच्या गाण्यांना ते खपतं पण कीर्तनात टाळ आणि पेटी चालू असताना मधेच दोन सेकंद सगळं गप्प झालं तर ऐकणाऱ्याचं मन मोडतं. वडिलांचं कीर्तन नारदीय पद्धतीचं असेल तर ट्रॅक तोडायला उत्तम जागा म्हणजे पूर्वरंग संपून बुक्का लावतात, हार घालतात ती. तिथे लोकांचा आवाज असतो, नवा ट्रॅक सुरू झाल्याचं कळतही नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटी असतील तर त्या एका ऑडिओ सीडीत मावणार नाहीत, त्या नाहीतरी दोन सीडीत कराव्या लागतील, मग ए-बी बाजूंऐवजी पूर्वरंगाची एक आणि उत्तररंगाची एक असंच करा, ऐकायला फार चांगलं वाटतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, "बर्न सक्सेसफुल" म्हणजे रायटरने लिहिण्याचं काम संपवलं एवढंच. डिस्कवर काय उमटलं ते त्याने बघितलेलं नसतं. डेटा सीडी असेल तर "व्हेरिफाय"ला खूण करा, तो परत वाचून फाइलशी ताडून बघतो, पाच मिनिटं जास्त लागतात, लागू देत. ऑडिओ सीडीचं प्रकरण वेगळं आहे. डेटामध्ये चुका दुरुस्त करणारा एक जास्तीचा थर असतो, ऑडिओमध्ये तो नाही, प्लेयरला एखादी जागा वाचता आली नाही तर तो आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भरतो आणि फार झालं की मग कचकच ऐकू येते. म्हणजे कानाला चांगली वाटणारी सीडी आतून काठावर असू शकते. म्हणून मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाच्या सॉफ्टवेअरने ती सीडी पुन्हा कॉम्प्युटरवर काढून घेतो, सिक्युअर मोडमध्ये, ते प्रत्येक जागा दोनदा वाचतं आणि जिथे अडखळतं तिथे सांगतं. सगळ्या सीडींना वेळ नसेल तर निदान शेवटचा ट्रॅक काढून बघा, बिघाड असेल तर तिथेच सापडतो.

हे तपासणं शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हवर करा. ज्याने लिहिलं त्यालाच वाचायला दिलं तर त्याच्या लेन्सचा जो काही तिरकेपणा असेल तो लिहिताना आणि वाचताना सारखाच असतो, त्याला सगळं बरोबरच दिसतं. माझ्याकडे मुद्दाम ठेवलेला एक म्हातारा सीडी-रॉम (नुसता वाचणारा ड्राइव्ह) आहे, फार चिडका, जरा कमी-जास्त झालं की वाचत नाही. त्याने पास केलेली सीडी आजवर कुठल्या गाडीत, कुठल्या मंदिरात अडलेली नाही. शेजाऱ्यांकडे जुना कॉम्प्युटर असेल तर मागून घ्या.

सीडी हातात घेताना कडेने धरा, कोरी सीडी कापडाने पुसू नका, धूळ असेल तर फुंकणीने उडवा. लिहिलेली पुसायची वेळ आली तर मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही, कारण डेटा गोलात आहे आणि गोल ओरखडा एकाच जागेचा सगळा मजकूर खातो. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं, सीडीची नाजूक बाजू चकचकीत खालची नाही, वरची आहे, नाव लिहितो ती. खालून १.२ मिलिमीटरचं जाड प्लॅस्टिक आहे, पण रंगाचा आणि आरशाचा थर वरच्या बाजूला, एका पातळ लाखेच्या थराखाली. बॉलपेनने दाबून नाव लिहिलं की ते थेट डेटावर. मऊ टोकाचं, पाण्याच्या शाईचं सीडी मार्कर घ्या. कागदी लेबल चिकटवू नका, मी चिकटवत होतो, मे महिन्याच्या उन्हात त्याची एक कड उचलते आणि पूर्वी माझ्याच एका गिऱ्हाइकाच्या गाडीत ते लेबल प्लेयरच्या आत गुंडाळलं गेलं. वडिलांचा फोटो द्यायचा तर तो पाकिटाच्या आतल्या कागदावर द्या, जास्त छान दिसतो. ज्यांना देणार त्यांनाही सांगा की गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बंद काचेच्या गाडीत काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे.

तुमच्या ४० कॅसेटींचा हिशोब करून दिला. ६० मिनिटांच्या धरल्या तर ४० तास. ऑडिओ सीडी करायच्या म्हटलं तर एका सेटला ४० सीडी, २० नातेवाईकांना ८००, ते कोणाच्यानेच होणार नाही. एमपी३ मध्ये १२८ केबीपीएसला तासाला साधारण ५८ एमबी लागतात, म्हणजे ४० तास २३०० एमबीत, ४ सीडीत अख्खा संग्रह. तो ४ सीडींचा सेट ज्यांच्याकडे कॉम्प्युटर किंवा नवीन प्लेयर आहे त्यांना द्या. आणि काकांसाठी, मंदिरासाठी, असे जुने डेक जिथे आहेत तिथे वडिलांची सगळ्यात गाजलेली पाच-सहा कीर्तनं निवडून त्यांच्याच ऑडिओ सीडी करा. मूळ फाइल, ज्या कॅसेटवरून काढल्यात त्या, वेव्हमध्येच (न दाबलेल्या, पूर्ण आवाजाच्या फाइल) ठेवा, ताशी ६३५ एमबी जातात, एकूण २५ जीबीच्या आसपास, ते दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. सीडी ही वाटायला आहे, जपून ठेवायला तिच्या एकटीवर भरवसा नको, आणि कॅसेटी तर अजिबात टाकू नका.

आता लगेच करायचं ते इतकंच. हब काढा, नव्या सीलबंद डब्यातली एक सीडी उजेडात धरून बघा, ७० मिनिटांच्या आतलं एक कीर्तन घ्या, ऑडिओ सीडी, डिस्क अ‍ॅट वन्स, १६ च्या आसपासचा वेग, क्लोज करून. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर शेवटचा ट्रॅक काढून बघा आणि ती एकच सीडी सिन्नरला काकांकडे पाठवा. त्यांना सांगा की पूर्ण ऐका, अगदी शेवटच्या आरतीपर्यंत, मधे उठू नका. ती आरतीपर्यंत नीट चालली असा त्यांचा फोन आला की मग बाकीच्या करायला बसा. नाही चालली तर ती सीडी टाकू नका, ९ सीडींबरोबर ती दहावी घेऊन दुकानात या, आपण सगळ्या एकदम ट्यूबलाइटसमोर धरून बघू.